एनएफएलचा खेळाडू आकड्यांवरून कसा जोखायचा आणि कुठे थांबायचं

सोलापुरात एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, बघणारे आम्ही मोजकेच. बहुतेक जण पुण्या-हैदराबादला अमेरिकन कंपन्यांच्या कामाला गेलेले आणि येताना हे वेड घेऊन आलेले. मी त्यातला नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात मी उत्पादनाची वही लिहितो, आणि या खेळाकडे वळलो तोही टॉवेलमुळेच. पिट्सबर्ग स्टीलर्स या संघाची मॅच असली की अख्खं मैदान पिवळे टेरी टॉवेल गरागरा फिरवत असतं. १९७५ साली मायरन कोप नावाच्या त्यांच्या समालोचकाने ती टूम काढली. याचं वजन काय असेल, हे बघायला टीव्हीसमोर थांबलो, तो थांबलोच.

आता रविवारी रात्री साडेदहाला मॅच सुरू होते (आपल्याकडे थंडी पडली की साडेअकराला, कारण नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे जातात) आणि सोमवारी सकाळी भाच्याचा मेसेज आलेला असतो. "मामा, याचं रेटिंग १०४, त्याचं ९१. विषय संपला की ओ." सोबत कुठल्या तरी तक्त्याचा स्क्रीनशॉट. हे लिखाण त्याच्यासाठी आणि त्याच्या ग्रुपमधल्या पोरांसाठी. आकडे टाकून द्या असं मी म्हणणार नाही, माझं पोटच आकड्यांवर आहे. पण तक्ता कसा वाचायचा, त्यातलं काय धरायचं, काय सोडायचं आणि कुठल्या क्षणी तक्ता बंद करून खेळ बघायचा, याची एक रीत आहे.

नाव कुणाचं, काम कुणाचं

तक्त्यातला कुठलाही आकडा घ्या. तो एकाच्या नावासमोर असतो आणि मैदानावर त्याच्यासोबत आणखी दहा जण असतात. पहिला प्रश्न कायम हाच विचारायचा: हा आकडा तयार व्हायला कुणाकुणाचे हात लागले?

आमच्या वहीत रोज मागवार नोंद होते. कामगाराचं नाव आणि समोर किती नग निघाले. एका मागावर आलेल्या बीमची (ताण्याचा धागा गुंडाळलेल्या रुळाची) कांजी नीट बसलेली नसते, धागा सारखा तुटतो आणि विणकर अर्धी पाळी गाठी मारत उभा राहतो. शेजारच्या मागावर चांगलं सूत लागलेलं असतं, तो सरसर चालतो. वहीत दिसतं एवढंच की पहिला हळू आणि दुसरा झपाट्याचा. ज्या जॉबरने (माग जुळवून देणाऱ्या मिस्त्रीने) दुसरा माग रात्री बसून लावून दिला त्याच्यासाठी वहीत रकानाच नाही. एक शेऱ्याचा रकाना आहे, पण तो कुणी वाचत नाही.

डीमार्को मरे हा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा. त्याचं हेच झालं. २०१४ मध्ये डॅलस काउबॉइजकडून त्याने १,८४५ यार्ड धावून काढले, लीगमध्ये सर्वांत जास्त. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियाने भरपूर पैसे देऊन त्याला उचलला. तिथे निघाले ७०२. एका उन्हाळ्यात माणूस पळायचं विसरत नाही. डॅलसमध्ये त्याच्या पुढे टायरन स्मिथ, ट्रॅव्हिस फ्रेडरिक, झॅक मार्टिन अशी लाइन होती. समोरच्याला बाजूला सारून वाट करून देण्यात त्या काळी त्यांच्या तोडीचे फारसे नव्हते. मरे गेल्यावर त्या लाइनच्या मागे डॅरेन मॅकफॅडन धावला, ज्याची कारकीर्द दुखापतींनी पार खिळखिळी झाली होती. त्याने १,०८९ यार्ड काढले. त्याच्या पुढच्या वर्षी नवखा एझिकील इलियट आला, त्याचे १,६३१.

मग मरे फुकाचा होता का? तेही नाही. २०१६ मध्ये टेनेसीत गेल्यावर त्याने परत १,२८७ काढले. म्हणजे फिलाडेल्फियाची चाल त्याच्या पळण्याला मानवत नव्हती, एवढं म्हणता येतं. यावरून एक कामाची सवय लावून घ्या. रनिंग बॅकचा आकडा एकटा कधी बघायचा नाही. त्याच्या आधी त्या जागी कोण होता, त्याच्यानंतर कोण आला आणि तो स्वतः दुसरीकडे गेल्यावर काय झालं, ही तीन उत्तरं शेजारी ठेवायची. दहा मिनिटांचं काम आहे आणि निम्मे वाद तिथेच मिटतात.

रेटिंग एकदा हाताने काढून बघा

भाच्याचा लाडका आकडा म्हणजे क्वार्टरबॅकचं, म्हणजे पास टाकणाऱ्याचं, पासर रेटिंग. एनएफएलने ते १९७३ मध्ये स्वीकारलं. यात शंभरपैकी गुण नसतात, कमाल १५८.३ पर्यंत जातं. हा कुठला आकडा, असं वाटलं ना? म्हणूनच म्हणतो, एकदा कागदावर काढा. कॅल्क्युलेटर पुरतो.

समजा एकाने ३० पास टाकले, २० पोचले, २४० यार्ड निघाले, २ टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार), १ इंटरसेप्शन (पास समोरच्या संघानेच पकडला).

पोचलेल्या पासची टक्केवारी ६६.७. त्यातून ३० वजा करा आणि ०.०५ ने गुणा: १.८३. दर पासमागे यार्ड ८. त्यातून ३ वजा करा, ०.२५ ने गुणा: १.२५. टचडाउनची टक्केवारी ६.६७, गुणिले ०.२: १.३३. इंटरसेप्शनची टक्केवारी ३.३३, गुणिले ०.२५, आणि हे २.३७५ मधून वजा करा: १.५४. चारींची बेरीज ५.९६. तिला ६ ने भागा, १०० ने गुणा. उत्तर ९९.३. यातला कुठलाही भाग शून्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही आणि २.३७५ च्या वर चढू द्यायचा नाही. ते १५८.३ येतं ते या मर्यादेमुळे.

आता गंमत बघा. एक क्वार्टरबॅक मैदानात उतरला आणि प्रत्येक चेंडू जाणूनबुजून जमिनीवर आपटत राहिला. एकही पोचला नाही, एकही यार्ड नाही. पहिले तीन भाग शून्य. पण इंटरसेप्शनही नाही, म्हणून चौथा भाग पूर्ण २.३७५. रेटिंग ३९.६. दुसरा बिचारा खरंच खेळला. ३० पैकी १० पास पोचवले, ८० यार्ड काढले, २ इंटरसेप्शन दिली. त्याचं रेटिंग येतं १४.६. म्हणजे या सूत्राच्या हिशोबाने चेंडू मातीत घालणारा अडीच पटीहून भारी!

आणि सूत्रात काय नाही ते तर अजून बाकी आहे. सॅक, म्हणजे पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं, नाही. चेंडू हातात धरून बसलेला आणि सात वेळा आपटला गेलेला क्वार्टरबॅक ९९.३ वरच राहतो. स्वतः पळून काढलेले यार्ड नाहीत. हातातून सांडलेला चेंडू नाही. दोन यार्डांवर बाजूला उभ्या असलेल्या रिसीव्हरकडे (पास पकडणाऱ्याकडे) चेंडू नुसता टोलवला आणि त्याने पुढचे सत्तर यार्ड चार जणांना चुकवत पळून काढले, तरी ७२ यार्ड क्वार्टरबॅकच्या खात्यात. हवेत पन्नास यार्ड गेलेला, बरोबर दोन बचावपटूंच्या मधोमध उतरवलेला पासही ५० यार्डच. कष्टाचा आणि फुकटाचा एकाच भावाने तोलला जातो.

म्हणून रेटिंग कुणी तोंडावर फेकलं की शेजारी तीन गोष्टी मागा: सॅक किती झाले, पास सरासरी हवेत किती लांब जात होते आणि पकडल्यानंतर रिसीव्हरने किती काढले. हे आता सहज मिळतं. नाही मिळालं तर त्या रेटिंगवर बोलू नका.

यार्ड निघाले, पण कधी?

२०१५ मध्ये जॅक्सनव्हिलच्या ब्लेक बोर्टल्सने ४,४२८ यार्ड आणि ३५ टचडाउन पास टाकले. नुसतं वाचलं तर वाटेल काय माणूस आहे! संघ ५ जिंकला, ११ हरला. संघ मागे पडलेला असतो, समोरचे वीस गुणांनी पुढे असतात आणि घड्याळ पळू देण्यासाठी ते लांबचा पास अडवतात पण जवळचा खुशाल देतात. तेव्हा निघालेले यार्ड हे यार्डच असतात, पण त्यांना भाव नसतो. पाटी बघायची: कितवा क्वार्टर (मॅचच्या चार भागांपैकी), गुण किती, डाउन कितवा (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी). चौथ्या क्वार्टरमध्ये सतरा गुणांनी मागे असताना काढलेले नव्वद यार्ड मी तरी पेन्सिलने खोडतो.

जेमीस विन्स्टनचं २०१९ साल तर शाळेत शिकवायला ठेवावं असं. टॅम्पा बेकडून ५,१०९ यार्ड, त्या हंगामात लीगमध्ये सर्वांत जास्त. ३३ टचडाउन. आणि ३० इंटरसेप्शन. एकाच हंगामात दोन्ही रकान्यांत तीस गाठणारा तो पहिलाच. त्यातली ७ इंटरसेप्शन थेट समोरच्यांनी पळवत नेऊन टचडाउन केली. यार्डाचा रकाना पाहिला तर राजा, इंटरसेप्शनचा पाहिला तर रंक, आणि दोन्ही खरे. संघाने त्याला सोडला, टॉम ब्रेडीला आणलं आणि पुढच्याच हंगामाअखेर सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम मॅच, जिंकला.

यावर भाचा लगेच म्हणतो, "मग जिंकणं-हरणंच धरू की." नाही धरायचं बे! २००० सालच्या हंगामात बाल्टिमोर रेव्हन्सच्या बचावाने १६ मॅचमध्ये मिळून फक्त १६५ गुण दिले. त्याच हंगामात त्यांच्या आक्रमणाला सलग पाच मॅच एकही टचडाउन करता आला नव्हता. क्वार्टरबॅक ट्रेंट डिल्फर सुपर बोलची अंगठी घालून बसला आणि संघाने पुढच्या हंगामाला दुसरा माणूस आणला. त्यांना ठाऊक होतं की कोण कुणाला ओढत होतं. क्वार्टरबॅकच्या नावासमोर 'विजय' लिहिण्याची पद्धत मला मुळातच पटत नाही. बचाव चालू असताना तो बाकावर पाणी पीत असतो.

रिकामा रकाना वाचायला शिका

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण इथे आकडा उलटा बोलतो.

कॉर्नरबॅकचं काम समोरच्या रिसीव्हरला मोकळं सोडायचं नाही. त्याच्या नावावर काय मोजतात? इंटरसेप्शन. ओकलंडच्या नामडी असोमुगाने २००६ मध्ये ८ घेतली. पुढची तीन वर्षं, २००७, २००८, २००९, दरवर्षी फक्त एक. तक्ता बघणारा म्हणेल, संपला. झालं होतं असं की समोरचे क्वार्टरबॅक त्याच्या बाजूला पासच टाकेनात. चेंडूच येत नाही तर पकडणार काय? न्यूयॉर्क जेट्सच्या डॅरेल रेव्हिसने २०१० मध्ये एकही इंटरसेप्शन घेतलं नाही आणि त्याच वर्षी लीगच्या सर्वोत्तम अकरात त्याची निवड झाली.

उलट बाजू डॅलसचा ट्रेव्हॉन डिग्ज. २०२१ मध्ये ११ इंटरसेप्शन, १९८१ नंतर इतकी कुणी घेतली नव्हती. पण तो झडप घालायचा आणि झडप चुकली की रिसीव्हर मोकळा सुटायचा. त्याच हंगामात त्याच्या अंगावरून निघालेले यार्डही लीगमध्ये वरच्या पंगतीतले होते. तो वाईट खेळाडू अजिबात नव्हता. तो जुगार खेळत होता आणि बहुतेकदा डाव लागत होता. अशा वेळी मोजायचं ते हे: त्याच्या बाजूला पास किती वेळा टाकला गेला आणि त्यातून काय निघालं. किती पकडले हे शेवटी.

लाइनमनचा रकाना तर कायमच कोरा. क्लीव्हलंड ब्राउन्सचा लेफ्ट टॅकल (लाइनच्या डाव्या टोकाचा) जो थॉमस. २००७ मध्ये आला आणि सलग १०,३६३ स्नॅप (खेळी) खेळला, एकही न चुकवता, २०१७ मध्ये हाताला दुखापत होईपर्यंत. एवढ्या वर्षांत त्याच्या पाठीमागे वीसच्या आसपास क्वार्टरबॅक येऊन गेले, संघ प्लेऑफची (बाद फेरीची) एकही मॅच खेळला नाही. यार्ड शून्य, टचडाउन शून्य. २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्याच्या नावावरचा सगळ्यात मोठा आकडा हा हजेरीचा आहे! हजेरीपट मीच लिहितो, म्हणून मला तो माणूस फार आवडतो, हे कबूल.

सॅकबद्दलही थोडं. १९८२ च्या आधी लीग सॅक खेळाडूच्या नावावर अधिकृतपणे मोजतच नव्हती, त्यामुळे जुन्या बचावपटूंशी तुलना करायला गेलात तर निम्मा कागद कोरा. आणि मोजलेल्यातही सगळं सारखं नाही. ६ जानेवारी २००२ रोजी न्यूयॉर्क जायंट्सच्या मायकेल स्ट्राहनने ग्रीन बेच्या ब्रेट फार्वला पाडून हंगामातला साडेबावीसावा सॅक घेतला आणि विक्रम केला. तो प्रसंग मिळवून बघा. फार्व जवळजवळ स्वतःहूनच जमिनीवर बसतो, स्ट्राहन वरून हात लावतो. दुसरीकडे बचावाचा एखादा मधला टॅकल समोरचे दोन-दोन लाइनमन अंगावर घेऊन मधली भिंत आत ढकलतो, क्वार्टरबॅक घाबरून बाहेर पळतो आणि कडेला उभा असलेला त्याला आयता पाडतो. सॅक कडेवाल्याच्या नावावर. मध्ये ढकलणाऱ्याला काय मिळालं? गुडघेदुखी. म्हणून सॅकसोबत दबाव किती वेळा आणला हा आकडा शोधायचा, आणि त्याच्यावर दोघे लावले होते की एकच, हे डोळ्यांनी.

सरासरी आत उघडून बघा

या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड जायचं असतं, एवढं लक्षात ठेवून दोन धावपटू घ्या. एकाच्या दहा धावा: ४, ४, ५, ३, ४, ५, ४, ३, ४, ४. दुसऱ्याच्या: ०, १, -२, १, ०, ३४, २, १, -१, ४. बेरीज दोघांची ४०, सरासरी दोघांची ४. पहिला संघाला पुढे सरकवत ठेवतो. दुसऱ्यामुळे संघ बहुतेक वेळा तिसऱ्या डाउनला लांबच्या पल्ल्यात अडकतो आणि एकदाच स्टेडियम डोक्यावर घेतो.

कुठला चांगला? मला पहिला म्हणायचा मोह होतो, पण डेट्रॉइटचा बॅरी सँडर्स दुसऱ्या जातीचा होता. मागे पळायचा, गिरक्या घ्यायचा, यार्ड गमवायचा आणि तरी कारकिर्दीत दर धावेमागे ५ यार्ड आणि एकूण १५,२६९. त्यामुळे इथे 'चांगला' ऐवजी 'कशासाठी चांगला' असं विचारा. विश्लेषक 'यशस्वी धाव' मोजतात: पहिल्या डाउनला लागणाऱ्या यार्डांपैकी साधारण चार दशांश, दुसऱ्याला निम्म्याहून जास्त, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण. सरासरी आणि हे प्रमाण, दोन्ही समोर ठेवलं की माणूस कुठल्या जातीचा ते कळतं.

काळाचा हिशोबही करायचा, तो मात्र पटकन उरकतो. १९७८ पासून १४ ऐवजी १६ मॅच झाल्या, २०२१ पासून १७. ओ. जे. सिम्प्सनचे १९७३ चे २,००३ यार्ड १४ मॅचमधले, एरिक डिकरसनचे १९८४ चे २,१०५ यार्ड १६ मधले. दर मॅचला भागा, क्रम उलटतो. १९७८ मध्येच रिसीव्हरला पाच यार्डांपुढे धक्का द्यायला बंदी आली, त्यामुळे त्याआधीचे पासचे आकडे आजच्या शेजारी ठेवणं हा अन्याय आहे.

नवे आकडे: किती भरवसा?

भाचा म्हणेल, हे सगळं जुनं झालं मामा, आता ईपीए (एक्स्पेक्टेड पॉइंट्स अ‍ॅडेड) बघतात. बघावंच. प्रत्येक स्थितीतून सरासरी किती गुण मिळतात हे काढायचं आणि एका खेळीने त्यात किती भर पडली किंवा घट झाली ते मोजायचं. तिसऱ्या डाउनला ८ यार्ड हवे असताना ६ यार्डांचा पास पोचला तर जुन्या तक्त्यात पास पोचला म्हणून शाबासकी मिळते, ईपीएत तो तोट्यात जातो. ही कल्पनाही तशी आजची नाही. १९७१ मध्ये व्हर्जिल कार्टर आणि रॉबर्ट माचोल यांनी यावर शोधनिबंध लिहिला, आणि हा कार्टर स्वतः सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक होता. दिवसा पास टाकायचा आणि रात्री त्याची किंमत काढायची, असा माणूस.

पण ईपीए खेळीची किंमत सांगते, माणसाची नाही. लाइनने दिलेला वेळ, रिसीव्हरने घेतलेली उडी, प्रशिक्षकाने आखलेली चाल, सगळं मिळून एक आकडा येतो आणि तो परत क्वार्टरबॅकच्याच नावावर चिकटवतात. खांद्याच्या पॅडमध्ये बसवलेल्या चिपवरून लीग प्रत्येक खेळाडूची जागा सेकंदाला दहा वेळा टिपते. त्यातून रिसीव्हरला किती जागा मिळाली होती हे कळतं, ती त्याने मिळवली की समोरचा घसरला हे नाही. पीएफएफ (प्रो फुटबॉल फोकस) या विश्लेषण कंपनीचे लोक प्रत्येक खेळाडूला प्रत्येक खेळीला उणे २ ते अधिक २ असे गुण देतात, चित्रण बघून, मेहनतीने. त्यांच्याही हातात चालीचा कागद नसतो. रिसीव्हर डावीकडे वळला, चेंडू उजवीकडे पडला. चुकलं कोण? ते खोलीतल्या बैठकीला हजर असलेल्यांनाच माहीत.

मग बघायचं कसं

टीव्हीवर कॅमेरा चेंडूच्या मागे जातो, त्यामुळे पास जाईपर्यंत खोल उभे असलेले बचावपटू चौकटीतच नसतात. वरून बाविसाही खेळाडू दिसतील असं चित्रण लीगने २०१२ पासून प्रेक्षकांना पैसे भरून खुलं केलं. ते परवडलं तर उत्तम, नाही तर रिप्लेवर भागवायचं. अख्खी मॅच नको. पहिल्या तीन क्वार्टरमधले तिसरे डाउन निवडायचे, गुण जवळजवळचे असताना. प्रत्येक खेळी तीनदा.

पहिल्यांदा चेंडूकडे बघायचंच नाही. पाच लाइनमन बघा आणि मनात सेकंद मोजा. क्वार्टरबॅकला अडीच-पावणेतीन सेकंद मिळाले की नाही? मिळाले नसतील तर त्या पासवरून त्याची परीक्षा घेऊ नका. दुसऱ्यांदा मागचे दोन बचावपटू कुणाकडे झुकतात ते बघा. ज्याच्याकडे दोघे झुकले तो रिसीव्हर एकही चेंडू न पकडता दुसऱ्याला मोकळं करतोय, आणि त्याच्या नावावर त्या खेळीचं काहीच लिहिलं जाणार नाही. तिसऱ्यांदा चेंडू. कुठे पडला? पळत्या माणसाच्या छातीपुढे, की मागे, की त्याला थांबून वळावं लागलं?

दर आठवड्याला दिसणारा एक प्रकार सांगतो. तिसरा डाउन, ८ यार्ड हवेत. क्वार्टरबॅकसमोर माणूस येऊन ठेपलाय, तरी तो पाय न हलवता छातीच्या उंचीवर नेमका पास टाकतो. चेंडू रिसीव्हरच्या दोन्ही तळव्यांवर आदळतो, वर उडतो आणि मागून आलेल्या लाइनबॅकरच्या (मधल्या फळीतल्या बचावपटूच्या) हातात पडतो. नोंद: क्वार्टरबॅक, एक इंटरसेप्शन. पुढच्या वेळी तोच क्वार्टरबॅक समोर उभा बचावपटू न बघता थेट त्याच्याच पोटात चेंडू घालतो, आणि त्याच्या हातून तो निसटतो. नोंद: पास पोचला नाही, बास. कागदावर चांगला पास गुन्हा ठरला आणि भयंकर पास सुटला. म्हणून मी वहीच्या एका पानावर दोनच रकाने करतो: 'पकडायला हवा होता' आणि 'वाचला'. हंगामभर हे लिहिलं तर तक्त्यातल्या इंटरसेप्शनच्या आकड्याला दुरुस्ती मिळते. शिवाय तिसरा रकाना 'कळत नाही' असा ठेवा. तो भरलेला असेल तर लाजायचं कारण नाही. ज्याचा तो रकाना कोरा आहे त्याच्या मतावर मी विश्वास ठेवत नाही.

घाईही करू नका. हंगाम १७ मॅचचा. चार मॅचमधून निघालेल्या सरासरीवर कुणाला देव किंवा दगड ठरवायचं नाही. जानेवारीत आमच्याकडे गड्ड्याची जत्रा भरते त्या सुमारास प्लेऑफ येतात, तोवर मत पेन्सिलनेच लिहावं. सांडलेला चेंडू कुणाच्या हाती लागतो हा तर बराचसा नशिबाचा भाग, लांबट चेंडू कसाही उसळतो. त्यावरून बचावाला 'चेंडू हिसकावणारा' म्हणून डोक्यावर घेतलेले संघ पुढच्या वर्षी साधे झालेले दिसतात.

नव्या पोरांच्या निवडीवेळी जे शर्यतीचे आकडे येतात त्यांना तर मी फारच थोडा भाव देतो. जॉन रॉसने २०१७ मध्ये ४० यार्ड ४.२२ सेकंदांत कापले, सिनसिनाटीने त्याला नवव्या क्रमांकाला उचललं, कारकीर्द काही उभी राहिली नाही. ब्रेडीने २००० मध्ये तेच अंतर ५.२८ सेकंदांत कापलं आणि १९९ व्या क्रमांकापर्यंत वाट बघत बसला. पुढे सात सुपर बोल. क्वार्टरबॅकने चाळीस यार्ड सरळ रेषेत, एकट्याने, अंगावर कुणी येत नसताना पळण्याचा प्रसंग मॅचमध्ये कधी येतो, हे मला कुणी समजावून सांगावं.

आणि मित्रामित्रांत, पैसे न लावता फँटसी लीग (खरे खेळाडू निवडून त्यांच्या आकड्यांवर गुण मिळवायचा खेळ) खेळत असाल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. तिथे गुण आकड्यालाच मिळतात, माणसाला नाही. सतरा गुणांनी मागे पडून चौथ्या क्वार्टरमध्ये नव्वद यार्ड फुकटात काढणारा क्वार्टरबॅक फँटसीत सोन्यासारखा. भाच्याच्या लीगमध्ये मी असलेच निवडतो.